हायजिया १ : १०,००,००० – एका काळ्या लघुग्रहाच्या प्रतिकृतीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

विषय ठरला. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आमच्या पेणच्या वाचनालयाच्या सभागृहात एका लघुग्रहाची प्रतिकृती उभी करायची आणि तो लघुग्रह हायजिया असेल. मंडळात बहुतेकांचा कल सेरेस किंवा व्हेस्टाकडे होता. डॉन यान २०११ मध्ये व्हेस्टाभोवती आणि २०१५ पासून सेरेसभोवती फिरलं, त्यामुळे त्यांची हजारो छायाचित्रं आणि नकाशे उपलब्ध आहेत. हायजियाकडे आजवर एकही यान गेलेलं नाही. माझा आग्रह त्यासाठीच होता. लघुग्रहांच्या पट्ट्यात आकाराने चौथा, कार्बनयुक्त काळ्या लघुग्रहांच्या वर्गात सगळ्यात मोठा, आणि शाळेच्या पुस्तकात त्याचं नावसुद्धा नाही.

प्रमाण एकास दहा लाख घेतलं. म्हणजे एक किलोमीटरला एक मिलिमीटर. गणित कुणालाही तोंडी करता येतं. हायजियाचा सरासरी व्यास ४३४ किलोमीटर, म्हणून प्रतिकृती सुमारे साडेत्रेचाळीस सेंटिमीटरची. याच मापात पृथ्वी पावणेतेरा मीटर व्यासाची होईल, चंद्र साडेतीन मीटरचा, आणि पृथ्वी-सूर्य अंतर होईल १५० किलोमीटर, म्हणजे रस्त्याने मुंबई-पुण्याएवढं. हायजियाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर याच्या ३.१४ पट आहे. तिथे ऊन आपल्या दहाव्या हिश्शाचं पडतं, आणि सूर्याभोवतीच्या एका फेरीला साडेपाच वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो.

सभागृहात फक्त हायजिया बसेल. बाकीचं फलकावर.

१६ नोव्हेंबर

पहिल्या फलकाचा मजकूर लिहायला घेतला: हा एवढा मोठा, तरी दहावा का?

सेरेस १८०१ मध्ये सापडला, पॅलास १८०२, जूनो १८०४, व्हेस्टा १८०७. मग अडतीस वर्षांहून जास्त काळ काहीच नाही. १८४५ मध्ये अॅस्ट्रिया, १८४७ मध्ये हीबी, आयरिस आणि फ्लोरा, १८४८ मध्ये मेटिस. हे पाचही हायजियाच्या निम्म्याहून कमी व्यासाचे. त्या सगळ्यांनंतर, १२ एप्रिल १८४९ रोजी, नेपल्सच्या कापोदिमोंते वेधशाळेतून अन्निबाले दे गास्पारिस यांना हायजिया दिसला. वय २९, आणि हा त्यांचा पहिलाच लघुग्रह. पुढे त्यांनी आणखी आठ शोधले. वेधशाळेचे संचालक कापोच्ची यांनी त्याला आरोग्यदेवतेचं नाव दिलं आणि राजघराण्याच्या मानासाठी पुढे ‘बोर्बोनिका’ जोडलं. ते शेपूट काही वर्षांत गळून पडलं.

आता उशीर का झाला त्याचा हिशेब. व्हेस्टाशी तुलना केली की उत्तर सुटं होऊन समोर येतं. व्हेस्टाचा व्यास ५२५ किलोमीटर, म्हणजे तबकडीचं क्षेत्रफळ हायजियाच्या दीडपट. त्याचा पृष्ठभाग पडलेल्या उजेडापैकी ४० टक्क्यांहून जास्त परत फेकतो, हायजियाचा सुमारे ७ टक्केच, हे सहापट. अंतराचा हिशेब दोनदा करावा लागतो, कारण उजेड सूर्याकडून तिथे जाताना विरळ होतो आणि तिथून आपल्याकडे येतानाही. त्याने साधारण साडेचारपट. तिन्ही गुणले तर चाळीसच्या आसपास. चांगल्या अंधारात व्हेस्टा कधी कधी नुसत्या डोळ्यांना दिसतो. हायजियाला अगदी अनुकूल काळातही दुर्बीण लागते.

गुणाकारातला सगळ्यात मोठा आकडा काळेपणाचा आहे. अंतर त्याच्या मागे आणि आकार तर फारच मागे. मंडळाला हे वाचून दाखवलं तेव्हा फलकाचा रोख काय असावा यावर पुन्हा चर्चा करावी लागली नाही.

२४ नोव्हेंबर

आज कारखान्यात गेलो. पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली, पण मला ज्यांच्याकडे जायचं होतं ते काका अजून शाडूचंच काम करतात. दिवाळीनंतरचे दिवस जरा मोकळे असतात म्हणून त्यांनी वेळ दिला.

मी ‘गोळा’ म्हटल्यावर ते म्हणाले, “गोल हवाय की गोलसर?” हाच मुद्दा होता. हायजियाचे तीन अक्ष ४५०, ४३० आणि ४२४ किलोमीटर आहेत. आमच्या मापात ४५, ४३ आणि ४२.४ सेंटिमीटर. नजरेला पटकन कळत नाही, हाताला कळतं. ही मापं २०१९ साली प्रसिद्ध झाली. चिलीतल्या सेर्रो पारानालवरच्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपला बसवलेल्या स्फिअर या उपकरणाने हायजियाची छायाचित्रं घेतली, आणि पिएर व्हर्नाझा यांच्या गटाने त्यांच्यावरून आकार काढला. तोपर्यंत हायजिया बराच लांबट असल्याचं मानलं जात होतं.

काकांनी सुचवलं: प्लायवूडचे तीन फर्मे कापून आणा, साचा दोन अर्धुकांचा करू, आत कागदाचा लगदा, वरून शाडूचा हात. भरीव शाडूचा एवढा गोळा वाळताना तडकणारच, असं त्यांचं ठाम मत. फर्म्यांचं काम मी घेतलं.

१ डिसेंबर

फर्मे तयार. काकांनी एक कडा बोटाने चाचपून परत दिली; ती अर्धा मिलिमीटर घासली. आमच्या मापात तो अर्धा किलोमीटर होतो. स्फिअरच्या मापांमधली शक्यता-मर्यादाच दहा-वीस किलोमीटरची आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “तिकडची चूक तिकडे. आपली कड साफ हवी.”

वजनाचा फलक लिहिला. हायजियाची घनता पाण्याच्या १.९४ पट निघते. आमचा गोळा त्याच घनतेचा, भरीव केला असता तर ८३ किलो भरला असता; सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा असता तर सव्वाशेच्या आसपास. एवढा मोठा खडक आणि वजनाला भाजक्या विटेच्या जवळ! आत पाण्याचा अंश भरपूर असल्याशिवाय आणि पोकळ्या असल्याशिवाय हे जमत नाही. लोकांना उचलून बघण्यासाठी दोन ठोकळे ठेवायचे, एकाच मापाचे: एक विटेचा, एक पाषाणाचा. ६० किलोच्या माणसाचं वजन हायजियावर काट्याला ७०० ग्रॅमच्या जरा वर दाखवेल, हेही त्याच फलकावर.

८ डिसेंबर

लगद्याची दोन्ही अर्धुकं साच्यातून निघाली, जोडली. आता खळगे कोरायचे.

इथे मला थांबून लिहायचंय, कारण या सगळ्या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा भाग हाच आहे.

हायजियाच्या आसपास, त्याच्याशी मिळत्याजुळत्या कक्षांमध्ये, जवळपास सात हजार लहान लघुग्रह फिरतात. त्यांना हायजियाचं कुटुंब म्हणतात. सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी एका मोठ्या आघातात मूळ पिंडातून ते उडाले. असं कुटुंब व्हेस्टालाही आहे आणि त्याचा पुरावा व्हेस्टाच्या अंगावर आहे: दक्षिण ध्रुवावर रिआसिल्व्हिया नावाचं ५०५ किलोमीटर रुंदीचं खोरं, जवळजवळ व्हेस्टाच्याच व्यासाचं. म्हणून हायजियावरही तशीच मोठी जखम सापडेल अशी अपेक्षा होती. स्फिअरच्या चित्रांनी ९५ टक्के पृष्ठभाग पाहिला. खात्रीने विवर म्हणता येतील असे दोनच खळगे मिळाले, एक सुमारे १८० किलोमीटरचा आणि दुसरा ९७ किलोमीटरचा. त्यांना सर्पेन्स आणि कॅलिक्स म्हणतात. कुटुंबातल्या सगळ्या तुकड्यांचा मिळून जो ऐवज होतो तो शंभर किलोमीटरच्या पिंडाएवढा. या दोन खळग्यांतून तो निघणंच शक्य नाही.

मग जखम गेली कुठे?

व्हर्नाझांच्या गटाने संगणकावर टक्कर घडवून पाहिली. ७५ ते १५० किलोमीटरचा पिंड समोरासमोर येऊन धडकला, तर मूळ पिंड पुरताच फुटतो. खोरं उरायला मागे काही शिल्लकच राहत नाही. मग तेच तुकडे आपापल्या गुरुत्वाने पुन्हा एकत्र येतात, एवढे सैल आणि हललेले की जमताना जवळजवळ द्रवासारखे वागतात आणि गोल बसतात. जे परत आले नाहीत ते कुटुंबात गेले. म्हणजे आपण आज जो हायजिया पाहतो तो मोडून पुन्हा जमलेला आहे, आणि त्याची गोलाई त्या मोडण्यातूनच आलेली आहे.

या गोलाईमुळे दुसरा प्रश्न उभा राहिला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या २००६ च्या व्याख्येप्रमाणे बटुग्रहाला स्वतःच्या गुरुत्वाने गोल आकार आलेला असावा लागतो. हायजिया त्यात बसला तर सेरेसला मागे टाकून सगळ्यात लहान बटुग्रह ठरेल. संघाने त्याला तसा दर्जा दिलेला नाही. माझं मत विचाराल तर पदवीपेक्षा गोल होण्याची रीत मोठी आहे, आणि फलकावर जागा तिलाच जास्त द्यायची.

काकांनी दोन्ही खळगे उथळ घेतले, एक १८ सेंटिमीटरचा, एक पावणेदहाचा. जागा शोधनिबंधातल्या आकृत्यांवरून. त्यांना बाकीच्या अंगावर लहान लहान खळगे हवे होते, “नाहीतर चेंडू दिसेल.” मी नको म्हटलं. जे दिसलेलं नाही ते कोरायचं नाही. त्यांनी मान्य केलं, पण हात फिरवताना पृष्ठभाग किंचित खडबडीत ठेवला. तो खडबडीतपणा पुढे रंगाच्या वेळी फार कामाला आला.

१५ डिसेंबर

शाडूचा पहिला हात. थंडीत वाळायला वेळ लागतोय. बारीक भेगा दोन ठिकाणी, ओल्या शाडूने भरल्या.

२२ डिसेंबर

रंग.

आधी बाजारातले डबे आणले: काळा मॅट इमल्शन, शाळेच्या फळ्याचा रंग, फरशीत घालतात ती काळी ऑक्साइड पावडर. प्रत्येकाचा पुठ्ठ्यावर पट्टा ओढला. मोजायची रीत सोपी आहे आणि घरी कुणालाही करता येते. छायाचित्रकार वापरतात ते राखाडी कार्ड १८ टक्के उजेड परत फेकतं. कार्ड आणि पट्टा शेजारी ठेवून, एकाच उजेडात, कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये फोटो घ्यायचा. दोन्हींच्या आकड्यांचं गुणोत्तर काढून १८ ने गुणलं की पट्ट्याचा आकडा मिळतो. फोनने स्वतः उजळवलेला फोटो चालत नाही, कारण तो काळ्याला राखाडी करतो.

डब्यातले काळे रंग ७ टक्क्यांच्या खाली गेले. फळ्याच्या रंगाला तिरक्या उजेडात चकाकी येत होती. लघुग्रहावर चकाकी चालणार नाही. चंद्राची पौर्णिमा आठवा: कडा मधल्या भागाइतक्याच उजळ दिसतात, आणि गुळगुळीत चेंडूवर पडते तशी कडेला सावली पडत नाही. खडबडीत, भुसभुशीत पृष्ठभागाचं ते लक्षण. हायजियाही त्याच जातीचा.

मग ठरवलं की डबा बाजूला ठेवू आणि हायजिया ज्याचा बनलाय त्याच्याकडे जाऊ.

कार्बनयुक्त उल्का तपासल्या तर त्यांत मुख्य भाग चिकणमातीच्या जातीच्या खनिजांचा निघतो. पाण्याच्या सहवासात खडक बदलून ती तयार होतात, आणि पाणी त्यांच्या स्फटिकांतच अडकून राहतं. सोबत मॅग्नेटाइट असतं, लोखंडाचं काळं ऑक्साइड. आणि कार्बन. शाडू ही चिकणमाती. फरशीची काळी पावडर रसायनाने मॅग्नेटाइटच. राहिलं काजळ. तिन्ही वस्तू कारखान्यातल्या एकाच फळीवर होत्या.

सुक्या शाडूची पूड चाळली, थोडं काळं ऑक्साइड घातलं आणि त्यात काजळ. किती? मला वाटलं होतं निम्मं तरी लागेल. काकांनी हात आखडता घेतला, “काजळ खाऊन टाकतं सगळं.” शंभराला तीन भाग घातलं, खलात घोटलं, पातळ खळीत कालवून पट्टा ओढला, वाळू दिला. कार्डाशी ताडला तर सात आणि आठच्या मध्ये. चिमूटभर आणखी, आणि सातावर आला.

मी तो पट्टा बराच वेळ हातात धरून बसलो होतो. काळ्या उल्कांमध्येही कार्बन वजनाने फार नसतो, शंभरात दोन ते पाच भाग. बाकी सगळी राखाडी माती. बारीक कण सगळीकडे पसरलेला असल्यामुळे उजेड कुठेही शिरला तरी दोन-चार उड्यांत त्याला गाठ पडतोच, आणि संपतो. एवढ्याशा कार्बनने चारशे किलोमीटरचं जग आपल्यापासून लपवलं.

५ जानेवारी २०२५

गोळा रंगला. मंडळाच्या बैठकीत मात्र मतं फुटली. एक गट म्हणतो, लोकांना दिसायला हवा; तपकिरी-करडा करू, छटा देऊ, पुस्तकातल्या चित्रांत असतात तसा. आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, मुलं दहा फुटांवर उभी राहणार, सात टक्क्यांवर त्यांना खळगे कसे कळणार?

त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की रंग उजळ केला तर आपण हायजियाची सगळ्यात महत्त्वाची माहिती पुसून बाकीची मांडतोय. छायाचित्रांत लघुग्रह राखाडी दिसतात कारण छापताना ती उजळवलेली असतात. ते अभ्यासाला ठीक. पण प्रतिकृती समोरासमोर असते, तिथे उजेड खरा असतो.

वाद मिटवायला सभागृहाचे पडदे ओढले, गोळ्यावर एकच दिवा सोडला, बाकी सगळं अंधारात. सगळे गप्प झाले. गोळा फिका राखाडी, जवळजवळ पांढरट दिसत होता, खळगे स्वच्छ. बाईंनी विचारलं, “रंग बदललात का?” मग त्याच दिव्याच्या झोतात गोळ्याशेजारी एक कोरा कागद धरला. गोळा त्या क्षणी कोळशासारखा काळा झाला. कागद काढला, पुन्हा फिका.

आधेमार गेल्ब या मानसशास्त्रज्ञांनी हा परिणाम १९२९ साली मांडला. आपला डोळा उजेड मोजत नाही, नजरेच्या टप्प्यातल्या सगळ्यात उजळ वस्तूला पांढरं मानतो आणि बाकीच्यांची तिच्याशी तुलना करतो. चंद्रही असाच फसवतो. तो सुमारे १२ टक्केच उजेड परत फेकतो, डांबरी रस्त्याच्या जवळपास, आणि काळ्या आकाशात एकटा असल्यामुळे आपल्याला तो शुभ्र वाटतो.

रंग बदलायचा नाही, सगळ्यांचं एकमत. मांडणी या प्रयोगाभोवती करायची.

१२ जानेवारी

पेटी: समोरून उघडी, आतून काळं मखमली कापड, वर लपवलेला दिवा. उजव्या बाजूला खटका. ओढला की पांढरा पुठ्ठा गोळ्याशेजारी सरकतो. खटका पाहणाऱ्यानेच ओढायचा, स्वयंसेवकाने नाही. सुताराने दोन दिवसांत दिली. मखमल कमी पडली, मागची बाजू जुन्या शालीची.

१९ जानेवारी

फिरवणं. हायजिया स्वतःभोवती १३.८ तासांत फिरतो. एका तासाला एक सेकंद धरला, म्हणजे मिनिटाला सव्वाचार फेऱ्यांपेक्षा किंचित जास्त. गिअरची छोटी मोटर आणि वेग कमीजास्त करायचं बटण. घड्याळ लावून जुळवलं.

पण २०१९ पर्यंत बहुतेक तक्त्यांत हा काळ २७.६ तास, बरोबर दुप्पट होता. लोकांना हे सांगायचं तर नुसता आकडा देऊन उपयोग नाही. दुर्बिणीतून लघुग्रह ठिपका दिसतो. तो फिरतोय हे त्याचा उजेड कमीजास्त होण्यावरून ओळखतात. लांबट पिंड असेल तर एका फेरीत त्याची रुंद बाजू दोनदा समोर येते, म्हणून उजेडाच्या आलेखात फेरीला दोन टेकाडं. पिंड गोल असेल आणि एका बाजूला जरा फिका असेल तर फेरीला एकच टेकाड. हायजिया लांबट आहे असं धरलं की दोन टेकाडांची एक फेरी मोजली जाते आणि काळ दुप्पट निघतो. आकाराची समजूत आणि काळाचा आकडा एकमेकांना धरून होते. स्फिअरच्या चित्रांशी २७ तासांचा हिशेब जुळेना, १३.८ चा जुळला.

यासाठी वेगळा प्रयोग केला: एका फिरत्या तबकडीवर बटाटा, दुसरीवर एका अंगाला राख फासलेला काळा चेंडू. समोर पांढरा दिवा, बाजूला फोनचं प्रकाशमापक अॅप. आठवीतल्या मुलांनी दोन्हींचे आलेख वहीत काढले. मग आम्ही पडद्यामागे कोणतीही एक वस्तू ठेवून फक्त आकडे वाचून दाखवले, आणि ती किती सेकंदांत फिरते ते विचारलं. मुलं आधी “बटाटा आहे की चेंडू, ते सांगा” म्हणाली. नेमकी हीच अडचण खगोलशास्त्रज्ञांना होती, आणि ती मुलांना कुणी समजावून सांगितलेली नव्हती.

३० जानेवारी

काल बेन्नूच्या नमुन्यांचे निष्कर्ष आले. फलक पुन्हा लिहायला घेतला आणि रात्री उशिरापर्यंत बसलो.

बेन्नू हा ४९० मीटरचा, पृथ्वीजवळ फिरणारा कार्बनयुक्त लघुग्रह. हायजियाहूनही काळा, सुमारे ४.४ टक्के. आमच्या मापात अर्ध्या मिलिमीटरचा कण. ओसायरिस-रेक्स यानाने त्याचे १२१.६ ग्रॅम नमुने सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर उतरवले. त्यांत सजीवांची प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांनी बनतात त्यांतली चौदा मिळाली, डीएनए आणि आरएनएचे पाचही आधाररेणू मिळाले, आणि खारं पाणी आटल्यावर मागे राहतात तसे क्षारही. क्षारांचं वाचून मी थबकलो. पेणच्या खाडीकाठी मिठागरं पाहत वाढलेल्या माणसाला पाणी आटून मीठ धरणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ते एका लघुग्रहाच्या आत घडलं होतं, साडेचार अब्ज वर्षांपूर्वी.

हायजियाचा नमुना आपल्याकडे नाही, आणि बेन्नू हायजियाच्या कुटुंबातला मानला जात नाही. फलकावर हे स्पष्ट लिहिलं. पण अवरक्त वर्णपटात हायजियावरही पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांच्या खुणा दिसतात, सेरेसशी मिळत्याजुळत्या.

त्याच्याखाली मुकुंदपुरा. ६ जून २०१७ रोजी जयपूरजवळच्या या गावात एक उल्का शेतात पडली आणि फुटली. सुमारे दोन किलोचे काळे तुकडे. तपासणीत ती कार्बनयुक्त, सीएम वर्गाची निघाली, १९६९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या प्रसिद्ध मर्चिसन उल्केच्या वर्गातली. आपल्या देशात, आपल्या काळात पडलेला हा ऐवज किती जणांना ठाऊक आहे? फलकावर तिला ठळक जागा.

९ फेब्रुवारी

ठिपक्यावरून काळेपणा कळतो कसा, हा प्रश्न बाईंनी धरून ठेवला होता. ठिपका मंद असेल तर तो लहान आणि उजळ असू शकतो किंवा मोठा आणि काळा. दोन्ही सारखेच दिसतात. उत्तर उष्णतेत आहे. काळा पिंड ऊन जास्त शोषतो, जास्त तापतो आणि ती ऊब अवरक्त किरणांत परत टाकतो. दिसणारा उजेड आणि ऊब दोन्ही मोजली की आकार आणि काळेपणा वेगवेगळे सुटतात. १९८३ साली आयरास उपग्रहाने अशाच मोजणीतून सुमारे दोन हजार लघुग्रहांचे आकार दिले.

कोविडच्या काळात दारोदारी कपाळावर धरायचे ते तापमापक मंडळात पडून होते. दोन सारखे चेंडू, एक चुन्याचा, एक आमच्या काजळी मिश्रणाचा, गच्चीवर उन्हात. फरक एवढा स्पष्ट आला की तापमापक नसता तरी हाताला कळला असता. हा प्रयोग दुपारी बारा ते दोन, गच्चीवरच ठेवायचा.

१९ फेब्रुवारी

फोन सुरू झालेत: “२०२४ वायआर४ आपल्यावर पडणार का?” हा लघुग्रह डिसेंबर २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता काल ३.१ टक्क्यांपर्यंत गेली, म्हणून. मोजणी वाढली की असे आकडे आधी चढतात आणि मग बहुधा कोसळतात, हे समजावून सांगणारा कागद दाराशी लावला. हायजियाची कक्षा पृथ्वीच्या जवळपासही येत नाही, हे मोठ्या अक्षरात.

२८ फेब्रुवारी

गर्दी चांगली. वायआर४ ची शक्यता चार दिवसांपूर्वीच नगण्य झाली होती, त्यामुळे दाराशी लावलेला कागद कुणी वाचला नाही.

खटक्यापाशी रांग. बहुतेक जण एकदा ओढून थांबत नव्हते. पुठ्ठा आत-बाहेर करून गोळा काळा-फिका होताना पाहत होते. एका आजोबांनी खटका ओढून धरला आणि नातीला विचारलं, “आता खरा कोणता?” तिने सांगितलं, “आताचा. मघाशी शेजारी कुणी नव्हतं.” फलकावर मी हेच सांगायला तीन परिच्छेद खर्च केले होते.

मूर्तिकार काका सहकुटुंब आले. वजनाचे ठोकळे त्यांनी दोन्ही हातांत तोलले आणि विटेच्या ठोकळ्याकडे बघत विचारलं, मग याच्या आत पाणी आहे ते बर्फ होऊन आहे की मातीत मुरलेलं? मातीत मुरलेल्याची खूण दिसते, हे मी सांगितलं. आत खोलवर बर्फ असेल का, हा प्रश्न घनतेमुळे उघडाच राहतो. त्यांना ते पटलं. म्हणाले, सुकलेला शाडूसुद्धा आतून कधी पुरता सुकत नाही.

२ मार्च

हात लागून सर्पेन्सच्या कडेचा रंग गेलाय. मिश्रण शिल्लक आहे, पुढच्या रविवारी भरायचा. मोटर दुपारनंतर तापत होती, तिला हवा लागेल अशी जाळी करायची. बटाट्याचा प्रयोग शाळेने मागितला, दिला.

वाचनालयाने पेटी वर्षभर ठेवायला कोपरा दिला आहे. पुढे सेरेस त्याच मापात केला तर ९४ सेंटिमीटरचा होतो. काका म्हणतात साचा चार तुकड्यांत करू, आणि गणपती उरकल्यावर सप्टेंबरात सुरू करू. सेरेस ९ टक्क्यांचा आहे. काजळ कमी लागेल. त्याच्या ऑक्कॅटर विवरातले पांढरे क्षारांचे डाग कशाने दाखवायचे ते आधी ठरवायला हवं. मी मिठागरातलं मीठ सुचवलं, काकांना ते पावसाळ्यात पाझरेल याची काळजी आहे. नमुन्याचा एक तुकडा करून या पावसात बाहेरच्या पडवीत ठेवून बघणार आहोत.